‘ऑफ’ मोठे कोणी केले?

प्रबंधाच्या पानांवर मार्गदर्शकांनी लाल शाईने ओढलेली वर्तुळे पाहणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. संशोधन करणारी मुले-मुली प्रबंध सादर करण्याच्या आधीच्या घाईत माझ्याकडे येतात, मी त्यांच्या मजकुराची मांडणी करून देते, मुद्रिते तपासते, आणि चहा होईपर्यंत त्यांच्या मार्गदर्शकांविषयीची गाऱ्हाणीही ऐकून घेते. गेल्या पावसाळ्यात भूगोलाच्या एका विद्यार्थिनीने ओल्या सॅकमधून आपली अनुक्रमणिका काढून माझ्यासमोर ठेवली, तिच्यावरची वर्तुळे मात्र नेहमीची नव्हती. पृष्ठांक बरोबर होते, स्पेलिंगही ठीक होते. वर्तुळे होती ती ‘ऑफ’, ‘द’, ‘इन’ आणि ‘अँड’ या शब्दांभोवती, आणि तीही प्रत्येक प्रकरणाच्या नावात, त्यामुळे ते पान गोवर आलेल्या मुलाच्या पाठीसारखे दिसत होते. तळाशी समासात मार्गदर्शकांनी एवढेच विचारले होते की हे ‘ऑफ’ मोठे, म्हणजे कॅपिटल अक्षराने सुरू होणारे, कोणी केले. “मॅडम, मी काहीच केलं नाहीये,” ती वैतागून म्हणाली, “सगळी हेडिंग्ज सिलेक्ट केली आणि टायटल केस करून टाकलं. वर्डनंच केलंय ते.” मार्गदर्शकांना वाटत होते की तिने केले, ती म्हणत होती की वर्डने केले, आणि वर्ड बनवणाऱ्यांना विचारले असते तर त्यांनी तिच्याकडेच बोट दाखवले असते. दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. तो प्रश्न मात्र नंतर बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिला.

शिफ्ट दाबून धरून एफ-थ्री दाबले की वर्डमध्ये निवडलेल्या मजकुराची अक्षरे लहानाची मोठी आणि मोठ्याची लहान होत फिरतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही त्या बटणाला नेमके काय समजते याचा विचार करावा लागत नाही. त्याला फार थोडे समजते. मोकळी जागा सोडली की नवा शब्द सुरू होतो आणि नव्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करायचे, बाकीची लहान करायची, एवढ्यावर त्याचे ज्ञान संपते. शब्द नाम आहे की क्रियापद, तो वाक्यात कशासाठी आला आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. वर्डच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत या पर्यायाचे नावच ‘टायटल केस’ असे होते. म्हणजे हे दाबा आणि शीर्षक तयार, असे जणू आश्वासनच होते. २००७ च्या आवृत्तीत मेनू जाऊन रिबन आली, त्या घुसळणीत हे नाव बदलून ‘कॅपिटलाइझ ईच वर्ड’ असे झाले. काम तेच राहिले. तो बदल कोणी आणि कशासाठी केला असेल ते असो, पण मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण त्यानंतर त्या बटणाने शीर्षकाच्या नियमांची जबाबदारी घेणे सोडले आणि आपण फक्त काय करतो तेवढेच सांगितले. गूगल डॉक्समध्ये आजही त्याला ‘टायटल केस’ म्हणतात, आणि तिथेही ‘ऑफ’ मोठेच होते.

आमच्या पिढीतील मराठी शाळांत इंग्रजी पाचवीत सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. पाचवीत इंग्रजीची अक्षरे आम्हाला एक वर्णमाला म्हणून भेटली नाहीत, चार लिप्या म्हणून भेटली. पहिली लिपी छापील मोठी, दुसरी छापील लहान, तिसरी वळणाची मोठी आणि चौथी वळणाची लहान. चार रेघांच्या वहीत, वरच्या लाल रेघेला टेकेल एवढी मोठी अक्षरे पेन्सिलीने काढताना हाताला घाम येई आणि कागद थोडा दमट होऊन पेन्सिल नीट उमटत नसे. मोठे अक्षर कोणाला द्यायचे हे बाईंनी सांगितले ते असे: वाक्याची सुरुवात, माणसांची नावे, गावांची नावे, वार आणि महिने, आणि ‘मी’ या अर्थाचा ‘आय’. स्वतःला मोठे लिहायचे आणि ‘यू’ला लहान, हे आमच्यापैकी काहींना उद्धटपणाचे वाटले होते. एका मुलीने निबंधात ‘मदर’ आणि ‘टीचर’ हे शब्द सगळीकडे मोठ्या लिपीने सुरू केले होते, आणि बाईंनी त्याचे गुण कापल्यावर ती फार गोंधळून गेली, कारण आई आणि बाई या दोघींना लहान लिहायचे तर मग मान द्यायचा कसा, हे तिला कळेना. तिचा तर्क चुकीचा नव्हता. ती अहोजाहो करणाऱ्या भाषेतून आली होती आणि मोठ्या लिपीत तिला आदरार्थी बहुवचन दिसले होते.

हा तर्क शाळेबरोबर संपला नाही. माझ्या वडिलांनी कचेरीत आयुष्यभर इंग्रजी पत्रे टंकलिखित केली. त्यांच्या पत्रांत ‘ऑफिसर’, ‘ऑर्डर’, ‘डिपार्टमेंट’, ‘सर’ हे शब्द वाक्याच्या मध्ये आले तरी मोठ्या लिपीनेच सुरू होत, आणि ‘प्यून’ हा शब्द मला कधी मोठ्या लिपीत दिसल्याचे आठवत नाही. टंकलेखन यंत्रावर मोठे अक्षर फुकट मिळत नसे. करंगळीने शिफ्टची कळ तळापर्यंत दाबायची, यंत्राचा एक जड भाग हलायचा, त्याचा ठक्क असा आवाज यायचा, आणि मग अक्षर उठायचे. दिवसभरात करंगळी दुखून येई. वडिलांच्या टंकलेखनात ज्याला मोठे अक्षर मिळाले त्याच्यासाठी कोणीतरी श्रम घेतलेले असत, आणि कोणासाठी घ्यायचे हे प्रत्येक वेळी मनाशी ठरवलेले असे. बटणाने ते ठरवणेच काढून टाकले. लग्नात मंडपाच्या दाराशी फेटे बांधणारा बसवला की तो वऱ्हाडी, यजमान, फोटोग्राफर आणि पाणी वाढणारा पोरगा असा भेद न करता समोर येईल त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळतो, तसे ‘ऑफ’ आणि ‘द’ यांचे झाले आहे. हे दृश्य मला आवडते हेही कबूल केले पाहिजे. लोकशाही म्हणून ते वाईट नाही. इंग्रजी शीर्षकाची रीत मात्र तशी नाही.

ही रीत काय आहे हे त्या विद्यार्थिनीला समजावून सांगताना मला तिच्या प्रबंधाच्या शीर्षकाचाच उपयोग झाला. इंग्रजीत ते ‘चेंजेस इन लँड यूज बिटवीन द मुळा अँड द मुठा’ असे होते. नामे, क्रियापदे, विशेषणे, क्रियाविशेषणे, सर्वनामे मोठी, आणि उपपदे, ‘अँड’सारखी उभयान्वयी अव्यये व शब्दयोगी अव्यये लहान, इथपर्यंत सगळ्यांचे जुळते. मग ‘बिटवीन’ येते. ते शब्दयोगी आहे, पण सात अक्षरांचे लांबलचक आहे, आणि इथे पंडितांची भांडणे सुरू होतात. शोधलेखनाची रीत ठरवून देणाऱ्या एमएलए, एपीए आणि शिकागो अशा नियमपुस्तिका आहेत. एमएलएच्या नियमाप्रमाणे शब्दयोगी अव्यय कितीही लांब असले तरी लहानच. एपीएच्या नियमाप्रमाणे चार किंवा अधिक अक्षरांचा शब्द, मग तो कोणीही असो, मोठा. शिकागो मॅन्युअल २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपर्यंत एमएलएच्या बाजूला होते, आणि २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत त्यांनी पाच किंवा अधिक अक्षरांची शब्दयोगी अव्यये मोठी लिहावीत असे ठरवले. म्हणजे तिच्या मार्गदर्शकांच्या कपाटात जुनी प्रत असेल तर ‘बिटवीन’ लहान, आणि तिने नवी पाहिली असेल तर मोठे. ‘फ्रॉम’ आणि ‘विथ’ या चार अक्षरी शब्दांचे तर याहून वाईट: एपीएत ते मोठे, आणि शिकागोच्या नव्या नियमातही लहान, कारण तिथली मर्यादा पाचाची आहे. भाषेचा नियम सांगता सांगता हे लोक अक्षरे मोजायला लागले, हे पाहून मला पहिल्यांदा हसू आले, आणि नंतर त्यांची अडचणही कळली. ‘बिटवीन’ लहान लिहिले की ते दोन मोठ्या शब्दांच्या मध्ये दबून जाते आणि ओळ मध्येच खचल्यासारखी दिसते. डोळ्यांना खटकते म्हणून केलेली ती तडजोड आहे, आणि व्याकरणाने ती झाकता येत नाही.

अक्षरे मोजून काम भागते असे समजणाऱ्यांची फजिती मात्र ‘इज’वर होते.

हा शब्द दोनच अक्षरांचा आहे, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मजकुरांत तो ‘इन’ आणि ‘ऑफ’ यांच्याबरोबर आपोआप लहान केलेला असतो. पण ते क्रियापद आहे, आणि वर सांगितलेल्या तिन्ही पद्धतींत ते मोठेच लिहावे लागते. तीच गोष्ट ‘बी’ची आणि ‘इट’ या सर्वनामाची. त्याहून चिवट आहे तो ‘अप’. तिच्या तिसऱ्या प्रकरणात ‘बिल्डिंग अप द बँक्स’ असे एक उपशीर्षक होते, आणि चौथ्यात ‘वॉकिंग अप द रिव्हर’ असे दुसरे. पहिल्यात ‘अप’ क्रियापदाला चिकटलेले आहे, काठ उंच बांधत नेण्याचा अर्थ त्या दोघांनी मिळून दिला आहे, म्हणून ते मोठे. दुसऱ्यात ते नदीकडे पाहणारे साधे शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून लहान. शब्द तोच, अक्षरे तीच, आणि उत्तर वेगळे. ते कळायला वाक्य वाचावे लागते, आणि थोडे मनात उच्चारूनही पाहावे लागते, कारण पहिल्या ‘अप’वर बोलताना जोर येतो आणि दुसऱ्यावर येत नाही. ‘ऑफ’, ‘द’, ‘इन’ अशा शब्दांची यादी देऊन ते लहान ठेवणारे प्रोग्रॅमही लोकांनी लिहिले आहेत, आणि बऱ्याचदा ते बरोबर उत्तर देतात. पण यादीत ‘अप’ टाकला तर पहिले उपशीर्षक चुकते आणि टाकला नाही तर दुसरे चुकते. तिने दोन्ही उपशीर्षके मोठ्याने म्हणून पाहिली आणि मग, “हे आधी कोणी सांगितलंच नाही,” असे म्हणून स्वतःच पेन्सिल उचलली.

एक्सेलमध्ये याच कामासाठी ‘प्रॉपर’ नावाचे सूत्र आहे आणि त्याची समजूत आणखी भाबडी आहे. जे अक्षर नाही ते दिसले की त्याच्या पुढचे अक्षर मोठे करायचे, असा त्याचा नियम. आमच्या सोसायटीच्या सभासदांची यादी मी एकदा त्यातून काढली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या डिसूझांचे नाव बिनचूक आले. ‘डी’नंतर वरचा स्वल्पविराम आणि मग मोठा ‘एस’, जसा ते स्वतः दारावरच्या पाटीवर लिहितात तसाच. पण त्याच यादीखालच्या ‘विमेन्स कमिटी’तील ‘विमेन’नंतरचा ‘एस’सुद्धा त्याच नियमाने मोठा होऊन उभा राहिला. डिसूझांचे बरोबर येणे आणि महिला समितीचे चुकणे ही एकाच अज्ञानाची दोन फळे आहेत. सोसायटीच्या नावात आद्याक्षरे होती, त्यांतील पहिले तेवढे मोठे ठेवून बाकीची लहान झाली. पीएचडी धारकांच्या पदवीचेही तेच झाले, आणि आमच्याकडे पदवी नावाला जोडून लिहिणाऱ्यांची संख्या कमी नसल्याने ती यादी सूचनाफलकावर लावण्यापूर्वी पुन्हा हाताने तपासावी लागली.

याहून गंभीर गोष्ट उलट्या दिशेने जाताना होते. एपीएच्या पद्धतीत प्रकरणांची शीर्षके मोठ्या अक्षरांच्या रीतीने लिहायची असतात, पण संदर्भसूचीत पुस्तकांची आणि लेखांची नावे साध्या वाक्यासारखी, म्हणजे पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामे तेवढी मोठी, अशी लिहायची असतात. नियतकालिकांची नावे मात्र पुन्हा मोठी. आता वर्डला ‘सेंटेन्स केस’ करायला सांगितले की तो पहिले अक्षर ठेवून बाकी सगळे लहान करतो, आणि त्यात पुणे, मुळा, मुठा, खडकवासला सगळे बुडतात. ‘रिव्हर’ला लहान करायचे आणि ‘मुठा’ला नाही, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरो या प्रोग्रॅमचे कर्ते म्हणूनच सांगतात की शीर्षके साठवताना साध्या वाक्याच्या रीतीने साठवा, कारण त्यावरून मोठ्या अक्षरांचे रूप यंत्राला करता येते, उलटे करता येत नाही. हा सल्ला मला पटला आणि मी तो सगळ्यांना देते. शीर्षकातील प्रत्येक शब्दाला मोठे अक्षर दिले की कोण मुळात विशेषनाम होते ही माहिती कायमची पुसली जाते. पान तेवढेच भरलेले दिसते आणि काही हरवल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

देवनागरीत ही सगळी कटकट नाही, असे म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि ते खरेही आहे. आपल्याकडे लहान-मोठी लिपी नाही, म्हणून ‘आशा सोडून गेली’ किंवा ‘प्रकाश पडला’ यावर शाळेत विनोद झाले असले तरी वाचताना आपण सहसा अडत नाही. युनिकोडमधील मराठी मजकूर निवडून शिफ्ट आणि एफ-थ्री कितीही वेळा दाबा, त्याचा काही परिणाम होत नाही. पण ज्यांनी युनिकोडपूर्वीच्या काळात कृतिदेवसारखे फॉन्ट वापरले आहेत त्यांना हे बटण चांगले आठवत असेल. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असे, फक्त इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. लहान ‘डी’च्या जागी पूर्ण ‘क’ आणि मोठ्या ‘डी’च्या जागी अर्धा ‘क्’. लहान ‘आय’च्या जागी ‘प’ आणि मोठ्याच्या जागी ‘प्’. अशा मजकुरावर कोणी प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करायची आज्ञा दिली की शब्दांची तोंडे मोडत. ‘कमल’चे ‘क्मल’ होई आणि ‘पुणे’ शहराच्या ‘प’चा दंड गळून पडे. बटण न दाबताही हे घडे, कारण वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय वर्डमध्ये मुळातच चालू असे, आणि मग प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द लुळा होऊन येई. टायपिंगच्या दुकानांत नवा मुलगा कामाला लागला की त्याला पहिली गोष्ट ती सोय बंद करण्याची शिकवली जाई. तो मुलगा इंग्रजी व्याकरणाच्या नियमाशी झुंजतो आहे हे त्याच्या गावीही नसे. त्याला ते संगणकाचे खूळ वाटे.

संस्कृतचे अभ्यासक ज्या हार्वर्ड-क्योतो पद्धतीने रोमन अक्षरांत मजकूर टंकत, तिथे तर लहान-मोठ्या अक्षरांवरच अर्थ उभा असतो. लहान ‘टी’ म्हणजे ‘त’ आणि मोठा ‘टी’ म्हणजे ‘ट’, लहान ‘ए’ म्हणजे ‘अ’ आणि मोठा ‘ए’ म्हणजे ‘आ’. या पद्धतीने लिहिलेल्या ‘तुकाराम’ या नावाला कोणी नीटनेटके करायला गेले, पहिले अक्षर मोठे आणि बाकीची लहान केली, तर परत देवनागरीत आणल्यावर ‘टुकरम’ हाती येतो. एका निवृत्त प्राध्यापकांच्या संदर्भसूचीत मी असा टुकरम प्रत्यक्ष पाहिला आहे. छापखान्याकडून आलेल्या मुद्रितावर त्यांनी काहीही न लिहिता फक्त एक उभी रेघ मारली होती, आणि ती इतक्या जोराने की मागच्या पानावर तिचा वण उमटला होता.

आपल्या भाषेत शीर्षकांचे लहान-मोठे करायचेच ठरले असते तर काय झाले असते, असा एक रिकामटेकडा विचार मी या निमित्ताने करून पाहिला. इंग्रजीत लहान ठेवायचे शब्द सुटे उभे असतात, ‘ऑफ’ वेगळा, ‘इन’ वेगळा, म्हणून त्यांना वेगळी वागणूक देता येते. आपले विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहायची, असा नियम आहे. ‘पुण्याच्या नद्यांमधील पाणी’ यात ‘ऑफ’ आणि ‘इन’ दोन्ही आहेत, पण ते शब्दांच्या पोटात शिरले आहेत, त्यांना बाहेर काढून लहान करायचे म्हटले तरी करता येणार नाही. उपपदे तर आपल्याकडे नाहीतच. उरतात ती ‘आणि’, ‘व’, ‘किंवा’ अशी मोजकी माणसे. त्यामुळे ते मूर्ख बटण मराठीसाठी केले असते तर जवळजवळ नेहमी बरोबर ठरले असते, याची मला गंमत वाटते. पण मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत लिहायची वेळ आली की हा प्रश्न मागच्या दाराने येतोच. इंग्रजी नसलेल्या भाषांतील शीर्षके साध्या वाक्याच्या रीतीने लिहावीत, असे शिकागोचे सांगणे आहे, म्हणजे पहिला शब्द आणि विशेषनामे सोडून सगळे लहान. त्या मुलीने मात्र प्रत्येक मराठी शब्द मोठा करून फक्त ‘आणि’ तेवढा लहान ठेवला होता. मला ते नियमात बसत नसूनही काढवेना, पण काढले.

बांधणीसाठी आम्ही अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे खळीचा आंबूस वास भरून राहिलेला असतो, आणि काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यांच्या चळती बसायच्या स्टुलावरही रचलेल्या असतात. कव्हरवर सोनेरी अक्षरे उठवण्यासाठी मालक पितळी खिळे चिमट्याने उचलून एका ओळीत बसवत होते. खालच्या शेगडीमुळे ते खिळे तापलेले असतात, म्हणून ते चिमटा सोडत नाहीत आणि बोलताना वरही पाहत नाहीत. तिने शीर्षकाचा कागद पुढे केला आणि ‘बिटवीन’चा ‘बी’ लहानच पाहिजे असे बजावून सांगितले, कारण मार्गदर्शकांनी शेवटी जुन्या आवृत्तीचाच हट्ट धरला होता. मालकांनी कागद नाकाजवळ नेऊन वाचला. “ताई, आपल्याकडे दुसरी लिपी नाहीच,” ते म्हणाले, “कव्हरला सगळं पहिल्या लिपीतच असतं.” पेटीत खरोखरच फक्त मोठी अक्षरे होती, आणि त्यांतही ‘ई’चे खिळे सर्वांत झिजलेले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि ती पैसे द्यायला पुढे झाली.

त्यामुळे आता तिच्या कव्हरवर सगळी अक्षरे मोठी आहेत आणि आतल्या मुखपृष्ठावर ‘बिटवीन’ लहान आहे. त्याच विषयावरचा तिचा शोधनिबंध एपीएची पद्धत पाळणाऱ्या एका नियतकालिकाकडे गेला, तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर आम्ही ते मोठे केले. ग्रंथालयाच्या सूचीत त्या प्रबंधाची नोंद होईल तेव्हा सूचीकरणाच्या परंपरेप्रमाणे पहिले अक्षर, मुळा आणि मुठा सोडून सगळेच लहान होईल. चारही बरोबर आहेत, आणि मौखिक परीक्षेत कोणी विचारले तर चारही कशी बरोबर आहेत हे तिला आता सांगता येईल, पण तिच्या मते परीक्षक नद्यांविषयीच विचारतील.